एका ई-मेलला एक दिर्हम

२ नोव्हेंबर २००२, वाद-झेम
(न पाठवलेलं)

दादा,

आईचं पत्र आत्ता तुला गेलं. हे माझं आहे आणि हे जाणार नाही. तिच्या ई-मेलच्या खात्यात एक खण आहे, त्यात लिहून ठेवलं की ते तिथेच पडून राहतं. जिलालीने दाखवला. जिलाली म्हणजे सायबरवाला. तू गेलास तेव्हा तिथे त्याच्या बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आता सहा कॉम्प्युटर आहेत आणि कोपऱ्यातून अजून ग्रीसचा वास येतो.

तू माझ्याशी बोलत नाहीस. आईला लिहितोस त्यात शेवटी असतं, 'टाइप करणाऱ्याला सांग, घाई करू नको म्हणावं.' टाइप करणाऱ्याचं नाव मिलूद आहे, पण चालेल. तू कासाब्लांकात लावून दिलेलं फरशा बसवायचं काम मी सोडलं आणि दाखला बंदरावर ऑक्टोपस धरायला गेलो, तेव्हापासून तू बोलणं टाकलंस. ऑक्टोपसचं एक सांगतो, त्याला धरायला मातीचं मडकं लागतं. तो आपण होऊन आत जाऊन बसतो, घर मिळालं म्हणून. पण ते राहू दे.

आईने तुला कळवलंय, 'मी ठणठणीत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात.' मीच टाइप केलं. खुरिब्गाच्या डॉक्टरने सांगितलंय की तिची दोन्ही मूत्रपिंडं संपत आली आहेत. तो बोलला ते तिला ऐकूच गेलं नाही. तिचे कान तुला माहीत आहेत, फोनवर तर तिला काहीच कळत नाही, म्हणून तर ही ई-मेलची भानगड. बाहेर आल्यावर मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना कळलं. ती म्हणाली, "ओरडू नकोस, तिकडे हम्मादीला ऐकू जाईल." आणि मग म्हणाली, "त्याला कळवलंस तर माझा तळतळाट लागेल."

तुझ्या अर्जामुळे. विनाकागद पाच वर्षं काढल्यावर आता कुठे इटलीने खिडकी उघडली आणि तू अर्ज केलास. पोलीस-कचेरीचं बोलावणं येईपर्यंत देश सोडला तर अर्ज रद्द, हे तूच लिहिलं होतंस. तुझं ते वाक्य तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. म्हणजे आता असं आहे: तू आलास तर कागद गेले, नाही आलास तर आईची भेट गेली. आणि हे तुला न विचारता तिने ठरवलं.

मला लिहायला वेळ लागतो. सहावीत शाळा सोडली, त्यात इथल्या कळफलकावर आपली अरबी अक्षरं नाहीत. फ्रेंच अक्षरांत आपली बोली लिहायची आणि जिथे फ्रेंचांच्या घशातून आवाज निघत नाही तिथे तीन, सात, नऊ असे आकडे घालायचे. आईला दाखवलं तर म्हणाली, "हे पत्र आहे की हिशेब?"

जिलाली म्हणतो, सरकार ई-मेलला पैसे लावणार आहे. पोस्ट बुडालं म्हणून. मी म्हटलं, पोस्ट तर मी जन्मलो तेव्हापासून बुडतंय.

मिलूद


१४ नोव्हेंबर २००२
(न पाठवलेलं)

दादा,

आई आता अंथरुणावरच असते. रोजे तिला बंद केले आहेत, त्याचा तिला आजारापेक्षा जास्त राग. इफ्तारला आम्ही हरिरा पितो तेव्हा ती तोंड भिंतीकडे करते, आपण उपास न करता कसं प्यायचं म्हणून.

गावात ती पैशांची बातमी पसरली आहे. एक जानेवारीपासून म्हणे. दुपारच्या नमाजानंतर सायबरसमोर बायकांची रांग लागते. आपल्या गावात ज्या घरातलं कोणी इटलीत नाही असं घर शोधायला लागेल, आणि सगळ्यांना फुकट आहे तोवर बोलून घ्यायचंय. मी रांगेत उभा राहून ऐकत असतो.

"एका पत्राला एक दिर्हम."

"एक कुठला बाई, दोन. माझ्या जावयाने सांगितलं, तो रबातला असतो."

"काय करतो रबातला?"

"झाडांना पाणी घालतो. पण मंत्रालयाच्या."

"आणि फोटो जोडला तर?"

"वजनावर."

"अगं, त्याला वजन कुठे असतं?"

"सरकारने ठरवलं की येतं."

जिलाली हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, फक्त म्हणतो, "खाल्लांनो, जानेवारीत माझ्या दारात रडू नका." खाल्ला म्हटलं की बायका खूश, सगळ्यांची मावशी झाल्यासारख्या. पोस्टासमोर टाइपरायटर घेऊन बसणारे सी अल्लाल आठवतात? दोन वर्षं माशा मारत होते. काल ते रांग बघायला आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "याल परत. माझी फीत अजून ओली आहे."

मी आईच्या कानात ही बातमी ओरडलो. तिने उशी सरळ करायला लावली. मग म्हणाली, "लिही. हम्मादी, मी बरी आहे. थंडीत डोकं झाक. रकियाचा पोरगा चालायला लागला, पण भिंत धरून. अर्जाचं कळव. झालं."

मी म्हटलं, "आणि सलाम?"

"त्याला माहीत आहेत."

तिचं पत्र म्हणजे अर्धं सलामांचंच असायचं ना. बुशाइब काकांचा सलाम, काकूचा, बेकरीवाल्याच्या आईचा, समोरच्या विधवेचा, तिच्या सुनेशी भांडण असेल तर सुनेचा वेगळा, आणि जो कोणी तुझ्याबद्दल विचारेल त्या प्रत्येकाचा. एकाचं नाव राहिलं तर ती मला अर्ध्या रस्त्यातून परत बोलवायची. आज एकही नाही. मी म्हटलं, "आई, पैसे जानेवारीपासून आहेत, अजून फुकट आहे."

ती म्हणाली, "आत्तापासून सवय करते."

मी कागदावर घेतलं नाही, एवढंसं तर होतं. सायबरपर्यंत तोंडातल्या तोंडात म्हणत गेलो. वाटेत कुत्र्यांचं भांडण चाललं होतं, तिथे थोडा थांबलो, पण विसरलो काही नाही. जसंच्या तसं गेलंय.

मिलूद


२२ नोव्हेंबर २००२
(पाठवलेलं)

हम्मादी बाळा,

मी बरी आहे. इथे सरकार ई-मेलला पैसे घेणार म्हणतात, म्हणून आत्तापासूनच थोडक्यात लिहायचं. कामावर उपास झेपत नसेल तर स्वतःच्या जिवावर उठू नकोस, नंतर फेड. अर्जाचं कळव.

तुझी आई


२२ नोव्हेंबर २००२
(न पाठवलेलं)

दादा,

आई मंगळवारी गेली. मगरिबच्या नमाजाआधी.

वरचं पत्र मी लिहिलंय. आज शुक्रवार, आम्ही तिच्या कबरीवर जाऊन सुकी अंजिरं आणि भाकर वाटून आलो आणि तिथून मी थेट इथे आलो. जिलालीने माझा खांदा दाबला आणि कडेचा कॉम्प्युटर दिला. त्याला वाटलं मी तुला कळवायला आलोय. कळवायला आलोच होतो.

ठरलं ते असं. दफन झाल्यावर सगळे खोलीत बसलो होतो. बुशाइब काका म्हणाले, "परमुलखातल्या माणसाला मरण कळवत नाहीत. तिथे त्याला धरायला कोण आहे?"

मी म्हटलं, "काका, त्याची आई आहे ती."

"म्हणूनच. तुमच्या आजोबांचं मला कधी सांगितलं? मी फ्रान्सहून आलो, जेवलो, मग सांगितलं. मी मेलो नाही."

रकिया ताई म्हणाली, "आणि त्याचे कागद?"

"कागदांचंच म्हणतोय पोरी. उद्या कळलं तर परवा तो बोटीवर असेल. मग ना आई, ना कागद."

"तो तिला लिहील. ती उत्तर देत नाही म्हटल्यावर?"

सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा घरात सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं, दादा, आणि ते हे.

मी म्हटलं, "किती दिवस चालेल हे?"

काका म्हणाले, "तूच म्हणत होतास ना, सरकार पैसे लावणार म्हणून. मग ती कमी लिहिते. यात खोटं काय आहे?"

आईने ते शेवटचं छोटं पत्र लिहून मला वाटच करून ठेवली होती. सलाम नाहीत, गोष्टी नाहीत, चार ओळी. चार ओळी कोणालाही जमतात.

मिलूद


१८ डिसेंबर २००२
(न पाठवलेलं)

दादा,

ईद झाली. ईदनंतर मी पळालो. बेनी-मेल्लालकडे जैतुनाची झाडं झोडपायला माणसं हवी होती. आमच्या टोळीत एक जण होता, त्याच्या रेडिओवर फक्त स्पेनचा फुटबॉल लागायचा. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, पण तो आम्हाला सगळं भाषांतर करून सांगायचा. कोणाचा पाय दुखतोय, कोणाची बायको रुसलीय, पंचाने कोणाकडून कोंबडी घेतली. मी इतका हसलो की शिडीवरून घसरलो. खाली पडल्यावर आठवलं की हे घरी जाऊन आईला सांगायचं नाहीये. मग मजुरी घेतली आणि परत आलो.

तुझं पत्र येऊन पडलं होतं. 'आई, एवढं थोडं का लिहितेस? सरकारला घेऊ दे पैसे, मी इकडून पाठवतो. टाइप करणाऱ्याला सांग, कंजुसी करू नको म्हणावं.'

मी लिहिलं, 'पैसा काय झाडाला लागतो? आधी कागद होऊ देत.' तिचाच आवाज. बोटं कुठेही अडली नाहीत. अडली असती तर बरं वाटलं असतं.

आता मी काय करतो ते ऐक. काल सायबरमध्ये शाळेतले गणिताचे मास्तर आले होते. ते म्हणाले, "ही सगळी अफवा आहे. जगभर कोट्यवधी ई-मेल जातात, मोजणार कोण?"

मी म्हटलं, "वीज मोजत नाहीत का?"

"विजेला तार असते."

"याला पण तार आहे, ही काय."

"अरे बाबा, ई-मेल परदेशी कंपन्यांच्या यंत्रांवरून जातो. सरकारचा संबंध काय?"

"सरकारचा संबंध नाही असं काय आहे, मास्तर? लग्नाच्या कागदाला तिकीट लागतं, घराच्या लागतं, मेलेल्याच्या दाखल्याला लागतं."

बायका माझ्या बाजूने झाल्या. मास्तर वैतागून निघून गेले. जिलाली म्हणाला, "मिलूद, तुला मंत्रालयाने पगारावर ठेवलंय का?"

पूर्ण वाद-झेममध्ये तो एक दिर्हम लागावा असं वाटणारा मी एकटाच असेन. लागला म्हणजे तुझी आई कायमची काटकसरी होऊन जाईल, आणि काटकसरी आईला कोणी विचारत नाही की तू अशी का बोलतेस.

मिलूद


६ जानेवारी २००३
(न पाठवलेलं)

दादा,

नाही लागला.

एक तारीख आली आणि गेली. जिलालीने सकाळी स्वतःलाच एक ई-मेल पाठवून बघितला, सगळे भोवती उभे. गेला. पैसे मागितले नाहीत कोणी. मग रेडिओवर मंत्रालयाचा माणूस बोलला, असा कोणताही विचार नव्हता आणि नाही. जिलालीने खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दारात लावलं: ई-मेल फुकट आहे, देवाची कृपा. ज्या बायकांनी डिसेंबरात घाईघाईने वर्षाचं बोलून घेतलं होतं त्या त्याच्या अंगावर धावून गेल्या. एक म्हणाली, "माझ्या पोराला मी पुढच्या ईदच्या पण शुभेच्छा देऊन बसले रे. आता बोलू काय?" मंत्रालयातल्या झाडांना पाणी घालणाऱ्याची सासू तोंड लपवून गेली. सगळे हसत होते. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

कारण तुझंही आलं होतं. 'आई, इकडे आपल्या गावच्या पोरांनी सांगितलं, पैसे-बिसे काही नाहीत. आता मनसोक्त बोल. सगळ्यांचे सलाम हवेत, एकही गाळायचा नाही. मी इथे खोलीत सहा जणांत राहतो आणि कोणाच्याही घरचं पत्र आलं की ते मोठ्याने वाचतात. मी तुझं वाचलं की एका श्वासात संपतं.'

घरी आलो आणि रकिया ताईला सांगितलं. ती पोराला पाठीला बांधून माझ्याबरोबर सायबरला आली. आम्ही दोघांनी शेजारी बसून कधी काही केलं नव्हतं. मी लिहीत गेलो, मधूनमधून तिला हळू आवाजात वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "हे आईचं नाही."

"का?"

"तुला शिव्या कुठे आहेत? तुला नावं ठेवल्याशिवाय तिने कधी पत्र संपवलंय?"

मग मी घातल्या. मिलूद अजून उंडारतोय. मिलूदला बायको कोण देणार, त्याला तर गाढवही भाड्याने देणार नाहीत. मिलूदचे बूट बघितले की वाटतं माझा मुलगा नाही, कोणाचा तरी मेंढपाळ आहे. ताई आधी हसली. मग तिने ओढणी तोंडात कोंबली, आणि जिलालीने तिकडे बघू नये म्हणून मी खुर्ची सरकवून मध्ये बसलो.

शेवटी सलाम. बुशाइब काकांचा, काकूचा, बेकरीवाल्याच्या आईचा, समोरच्या विधवेचा, सुनेचा वेगळा. कोणी राहिलं नाही. त्या यादीत सगळे जिवंत होते, फक्त जिच्या नावाने सलाम जात होते ती नव्हती.

लांबलचक झालं. तुझ्या खोलीतल्या सहा जणांना पुरेल.

मिलूद


३ मार्च २००३
(न पाठवलेलं)

दादा,

तुझे कागद झाले. तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. पोलीस-कचेरीतल्या बाईने शिक्का मारला आणि तू तिला 'देव तुझ्या आईबापांवर दया करो' म्हणालास, आणि तिला काही कळलं नाही. पुढच्या सोमवारी विमानाने कासाब्लांकाला येतोयस. बोटीने नको, विमानानेच येणार, एकदा तरी.

आणि आईसाठी काय आणतोयस तेही लिहिलंयस. कानाचं यंत्र. दोन्ही कानांचं. दुकानदाराने तुझ्याकडे कानाचा साचा मागितला, तर तू म्हणालास, माझ्याच कानाचा घ्या, मी तिच्यावरच गेलोय. 'आता फोन कानाला लावायचा, आई. मधे टाइप करणारा नको.'

काकांनी बेत आखलाय. कासाब्लांकाला दोन गाड्या नेणार. तुला हसत घरी आणायचं. विचारलंस तर म्हणायचं, आई रकियाच्या सासरी आहे. मग कोंबडी, मग मांसाचं ताट, मग चहा. चहा झाल्यावर काका सांगणार.

मी म्हटलं, "काका, जेवणाआधी सांगा."

"उपाशी पोटी कोणी सांगतं का?"

"मग तो येण्याआधी सांगू. कागद झालेत आता."

"आणि तो विमानात एकटा रडत येईल? शेजारी कोण कुठला गोरा नसरानी बसलेला?"

"रडू दे. इथे दाराशी वीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत असतील. हा आता कळल्यावर कसा कोसळतो, हे बघायला."

"तुला यातलं काय कळतं? तू एका जागी महिनाभर टिकलायस का कधी?"

नाही टिकलो. पण यातलं मला कळतं. बाबा गेले तेव्हा मी पंधराचा होतो, अगादीरला टोमॅटोच्या शेडमध्ये. ईदला आलो. तुम्ही सगळे दारात. मी विचारलं बाबा कुठे, कोणीतरी म्हणालं बाजाराला. तू मला वाढत होतास, दादा. चांगले चांगले तुकडे तू माझ्यासमोर सरकवत होतास आणि मला वाटलं, दादाला माझी आठवण आली होती. मी बाबांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. कोणी हसलं नाही तरी मला कळलं नाही. मी बोटं चाटून संपवल्यावर तू सांगितलंस.

मला बाबांचं दुःख झालं. पण त्याहून आधी त्या जेवणाची लाज वाटली, आणि लाज पुढे राहिली. आजवर मी कुठेही थांबलो नाही, त्याला हेच कारण असेल असं मी म्हणत नाही, मला मुळात चालायला आवडतं. पण कुठल्या दारात मला खूप प्रेमाने 'आधी जेव' म्हणाले की माझे पाय मागे वळतात.

तुला ते ताट मी वाढणार नाही.

मिलूद


५ मार्च २००३
(पाठवलेलं)

दादा,

हे मिलूद लिहितोय. आईच्या खात्यातून, कारण माझं खातं नाही.

हे एकट्याने वाचू नकोस. खोलीतल्या कोणाला तरी हाक मार, मग खाली वाच.

आई गेली. १९ नोव्हेंबरला, रमजानात, मंगळवारी संध्याकाळी. मूत्रपिंडं गेली होती. तिला माहीत होतं. तुझा अर्ज रद्द होऊ नये म्हणून तुला कळवायचं नाही, हे तिनेच सांगितलं होतं. ती गेल्यावर आम्ही सगळ्यांनी तेच पुढे चालवलं आणि लिहायचं काम मी केलं. काका, ताई, सगळ्यांना वाटलं तुझं भलं करतोय. तुला राग धरायचा असेल तर हाताने मी लिहिलंय, माझ्यावर धर.

शेवटचं सांगतो, तू नव्हतास म्हणून. ताई चुलीपाशी हरिरा ढवळत होती. आई उशीला टेकून बसली होती, शुद्धीत. तिने ताईला विचारलं, मीठ पडलंय का. ताई म्हणाली, मला रोजा आहे, चाखू कसं. आई म्हणाली, आण इकडे, मला कुठे रोजा आहे. तिने अर्धा चमचा घेतला आणि म्हणाली, "कमी आहे." ताई मीठ घालायला वळली. तेवढ्यात.

तिला शेजारच्या खाल्लांनी आणि ताईने न्हाऊ घातलं. खड्ड्यात मी आणि काका उतरलो. बाबांच्या कबरीच्या पायथ्याशी जागा मिळाली. वजन काहीच नव्हतं तिला.

घरी हे पत्र कोणाला माहीत नाही. काका सोमवारी कोंबडी कापणार आहेत. तू येऊ शकतोस, किंवा तिकीट बदलू शकतोस, किंवा कासाब्लांकात उतरून थेट कबरीवर जाऊ शकतोस. मी विमानतळावर असेन, पण तू म्हणालास तर लांब उभा राहीन.

मिलूद


७ मार्च २००३
(पाठवलेलं)

दादा,

दोन दिवस मी सायबरच्या पायरीवर होतो. आज तुझी एक ओळ आली. 'तिचं शेवटचं कोणतं?' बाकी काही नाही.

सांगतो. १४ नोव्हेंबरचं. थंडीत डोकं झाक, रकियाचा पोरगा भिंत धरून चालतो, अर्जाचं कळव. ते शब्द तिचे आहेत, मी मधला एकही बदललेला नाही. सलाम नाहीत ते तिनेच गाळले, पैसे वाचवायला. मी गाळले असं समजू नकोस. त्यानंतरची सगळी माझी. उपासाचं, झाडाला पैसे लागत नाहीत ते, आणि जानेवारीतलं ते लांब पत्र, जे तू खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलंस आणि मग लिहिलंस की दोघा-तिघांनी डोळे पुसले.

आता तू ती वेगळी करशील. तिचं ठेव, माझी पुसून टाक. तुला कोणतं खरं मानायचं ते तुझं तू ठरव. माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असं मी या तीन महिन्यांत काही केलेलं नाही.

पण पुसण्याआधी एका जागेबद्दल सांगायचंय. जानेवारीच्या पत्रात, शिव्यांच्या नंतर, आईने लिहिलंय की तिला स्वप्न पडलं. तू घरी आलायस, बूट न काढता चटईवर बसलायस, आणि मिलूदशी बोलतोयस. काय बोलताय ते तिला ऐकू येत नाही, पण दोघं बोलताय.

ते मी तिच्यासाठी रचलेलं नाही. ते स्वप्न मला पडलं होतं.

मिलूद